मूळ जळाले, प्रत उरली

मूळ हस्तलिखित नष्ट व्हावे आणि नकलांवरून संहितेचा माग काढावा लागावा, हा प्रसंग साहित्याच्या अभ्यासकास अपरिचित नाही. पॉइकिलोप्ल्युरॉन या मांसाहारी डायनोसॉरच्या बाबतीत जीवाश्मांच्या अभ्यासकांवर हीच वेळ आली.

फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातील काँ शहराचा चुनखडक बांधकामासाठी शतकानुशतके प्रसिद्ध आहे. इंग्लंडमधील कँटरबरी कॅथीड्रलसाठीही तो समुद्रापार नेला गेला. १८३५ साली काँजवळच्या एका खाणीत याच खडकात काही हाडे सापडली. ती मध्य जुरासिक काळातली, म्हणजे सोळा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीची होती. कवटी नव्हती, पण शेपटीचे मणके, हातापायांची हाडे आणि पोटाच्या कातडीखालच्या नाजूक फासळ्या होत्या. अशा फासळ्या क्वचितच टिकतात. स्थानिक निसर्गअभ्यासक यूद-देलाँशां यांनी त्यांचे बारकाईने वर्णन केले आणि प्राण्याला 'विविध बरगड्यांचा' या अर्थाचे ग्रीक नाव दिले. 'डायनोसॉर' ही संज्ञा तेव्हा जन्मलीच नव्हती; रिचर्ड ओवेन यांनी ती १८४२ मध्ये घडवली. वर्गाला नाव नसताना केलेले हे वर्णन म्हणूनच अधिक मोलाचे: त्यात पाहिलेले आधी आहे, सिद्धान्त नंतर.

१९४४ साली, दुसऱ्या महायुद्धात, काँ शहर बेचिराख झाले आणि संग्रहालयातील ही हाडेही नष्ट झाली. उरले ते देलाँशां यांचे लेखन, आकृत्या आणि काही हाडांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती. इंग्लंडमधील मेगॅलोसॉरस आणि हा प्राणी एकच असावा, ही शंका जुनी होती. २००२ साली रोनां आलँ आणि डॅनियल चुअर यांनी पॅरिसमधील प्रतिकृतींच्या आधारे त्याचा नव्याने अभ्यास केला आणि त्याचे स्वतंत्र स्थान मांडले. ज्याने साचे घेतले, त्याला या प्रश्नांची कल्पनाही नसणार.

तरीही प्रतीची मर्यादा विसरता येत नाही. हाडाचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून प्राण्याचे वय आणि वाढ आज वाचता येते. प्लास्टरमध्ये पृष्ठभाग उतरतो, अंतरंग नाही. त्या प्राण्याच्या वाढीची कथा काँच्या आगीतच संपली. छायाप्रत निघाली की मूळ पोथी अडगळीत टाकणाऱ्या आपल्या ग्रंथालयांनी हे ध्यानात ठेवावे. प्रत आजच्या प्रश्नांना पुरते. उद्याचे प्रश्न मुळालाच विचारावे लागतात.