बुटिक गिटार : सुराची किंमत की हौसेचे मोल?

साध्या कारखानी गिटारच्या पाच ते दहापट किंमत मोजून हस्तनिर्मित इलेक्ट्रिक गिटार घेणाऱ्यांची संख्या जगभर लक्षणीय आहे. या जादा पैशात वादकाच्या हाती नेमके काय पडते, याचा हा आढावा.

इलेक्ट्रिक गिटार ही मुळात कारखान्याची लेक. सतार किंवा व्हायोलिनप्रमाणे कारागिरांच्या जुन्या घराण्यांतून ती आलेली नाही. कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे लिओ फेंडर यांनी १९५० मध्ये बाजारात आणलेली आणि १९५१ पासून 'टेलिकास्टर' या नावाने ओळखली जाणारी गिटार म्हणजे लाकडाची सपाट फळी, तिला स्क्रूने जोडलेला गळा आणि तारांखाली बसवलेले दोन पिकअप. भाग झिजला की बदलावा, हा त्यामागचा सरळ हिशेब होता. १९५४ मध्ये आलेल्या 'स्ट्रॅटोकास्टर'ची किंमत ट्रेमोलोसह २४९.५० डॉलर होती.

अशा या यंत्रयुगीन वाद्याभोवती पुढे हस्तनिर्मितीची एक स्वतंत्र दुनिया उभी राहिली. मोजक्या कारागिरांच्या कार्यशाळेत, मर्यादित संख्येत आणि बहुधा ग्राहकाच्या पसंतीनुसार घडवलेल्या वाद्याला 'बुटिक गिटार' म्हटले जाते. या शब्दाची काटेकोर व्याख्या नाही. एकटा कारागीर वर्षाकाठी वीस-पंचवीस वाद्ये घडवतो तोही बुटिक आणि काही डझन कामगार असलेली कंपनीही बुटिकच. किमतीचा विचार करताना हा फरक ध्यानात ठेवणे आवश्यक ठरते.

असमाधानातून जन्म

बुटिक गिटारचे मूळ १९७०च्या दशकातील नाराजीत आहे. फेंडर कंपनी १९६५ मध्ये सीबीएस या प्रसारण उद्योगाने १ कोटी ३० लाख डॉलरना विकत घेतली. १९६९ मध्ये गिब्सनची मालकीही बदलली आणि ती कंपनी पुढे नॉर्लिन उद्योगसमूहाकडे राहिली. उत्पादन वाढले, पण गळ्याचा सांधा सैल, गिटार विनाकारण जड, रंगाचा थर जाड, अशा तक्रारीही वाढल्या. जुन्या, १९५०च्या दशकातील गिटारना अचानक भाव आला तो याच काळात.

ही पोकळी भरून काढण्यास प्रथम सरसावले ते सुटे भाग बनवणारे. १९७२ मध्ये लॅरी डिमार्झिओ यांचा 'सुपर डिस्टॉर्शन' हा पिकअप आला. १९७६ मध्ये सीमोर डंकन यांची पिकअप कंपनी आणि शेक्टर हे दुरुस्ती व सुट्या भागांचे दुकान सुरू झाले. दुसरीकडे उत्तर कॅलिफोर्नियात 'ग्रेटफुल डेड' या बँडच्या परिवारातून १९६९ मध्ये 'अलेम्बिक' उभी राहिली होती. दुर्मीळ लाकडांचे थर आणि वाद्यातच बसवलेले प्रवर्धक परिपथ ही तिची ओळख. तेथे काम केलेले डग आयर्विन यांनी जेरी गार्सिया यांच्यासाठी घडवलेली 'टायगर' ही गिटार २००२ च्या लिलावात साडेनऊ लाख डॉलरहून अधिक किमतीला गेली.

१९८०च्या दशकात या चळवळीला व्यवसायाचे रूप आले. शेक्टरमध्ये काम केलेल्या टॉम अँडरसन यांनी १९८४ मध्ये स्वतःची कार्यशाळा काढली. १९८५ मध्ये मेरीलँड राज्यातील अ‍ॅनापोलिस येथे पॉल रीड स्मिथ यांनी पीआरएस कंपनी स्थापन केली. न्यूयॉर्कमध्ये रूडी पेन्सा यांच्यासोबत काम करणाऱ्या जॉन सूर यांची गिटार मार्क नॉफ्लर यांच्या हाती दिसू लागली. सूर यांनी पुढे फेंडरच्या कस्टम शॉपमध्येही काम केले आणि १९९७ मध्ये स्वतःची कंपनी काढली. मोठ्या कंपन्यांनाही हा इशारा उमगला होता. सीबीएसकडून १९८५ मध्ये सुटका झालेल्या फेंडरने १९८७ मध्ये आपले 'कस्टम शॉप' सुरू केले, ते याच ग्राहकाला परत आणण्यासाठी.

जादा पैशात काय मिळते?

चांगल्या बुटिक गिटारचा पहिला गुण कानाला नव्हे, तर डाव्या हाताला जाणवतो. गळ्याची जाडी व गोलाई, फ्रेटबोर्डच्या गोलसर झालेल्या कडा आणि फ्रेटची एकसमान उंची यांवर वादनाची सुलभता अवलंबून असते. फ्रेट म्हणजे गळ्यावरील धातूच्या आडव्या पट्ट्या. एखादी पट्टी केसभर उंच राहिली, तरी तार तिच्यावर आपटून करकरते. मग तार उंच ठेवावी लागते आणि बोटांना जास्त श्रम पडतात. बुटिक कार्यशाळेत या कामाला वेळ दिला जातो. अनेक ठिकाणी त्यासाठी जर्मनीत विकसित झालेले 'प्लेक' हे संगणक-नियंत्रित यंत्र वापरले जाते.

दुसरा गुण निवडीचा. गळ्याचा आकार, पिकअपची जुळणी, फ्रेटची जाडी, रंग, वजन हे सारे ग्राहक ठरवू शकतो. हात लहान असलेल्या, डावखुऱ्या किंवा पाठदुखीमुळे हलके वाद्य हवे असलेल्या वादकासाठी ही चैन नसून गरज असते. तिसरा गुण सातत्याचा. कारखान्यात एकाच मॉडेलच्या दहा गिटारपैकी दोन उत्कृष्ट निघतात, दोन सुमार. नामांकित बुटिक कंपनीकडून आलेली वाद्ये बहुधा एकसारख्या दर्जाची असतात. न पाहता, न वाजवता मागणी नोंदवणाऱ्या ग्राहकाला या सातत्याचे मोल मोठे वाटते.

चौथा भाग निव्वळ देखणेपणाचा. वाघाच्या पट्ट्यांसारखी नक्षी असलेल्या मेपलची पातळ फळी, शिंपल्याचे जडावकाम, आरशासारखी झिलई यांवर बराच खर्च होतो. त्याचा सुराशी संबंध जवळजवळ नाही. गंमत म्हणजे उलट टोकाचीही मागणी आहे. मुद्दाम ओरखडे पाडून, रंग उडवून 'जुनी' केलेली नवी गिटार कोऱ्या गिटारपेक्षा महाग विकली जाते!

किंमत कशी चढते?

कारखान्यात एका गिटारवर पडणारी मजुरी कमी असते, कारण काम विभागलेले असते आणि लाकूड, पिकअप, खुंट्या हे सारे घाऊक भावात येते. छोट्या कार्यशाळेला तेच भाग चढ्या दराने घ्यावे लागतात. घासकाम, रंगाचे अनेक हात, प्रत्येक थर वाळण्याचा अवधी आणि अखेरची जुळणी यांत अनुभवी कारागिराचे कित्येक तास जातात. अमेरिका किंवा जर्मनीतील मजुरीच्या दराने हिशेब केला, की किमतीचा मोठा भाग तेथेच स्पष्ट होतो. त्यावर विक्रेत्याचा वाटा आणि वाळवून साठवलेल्या लाकडात अडकलेले भांडवल. एवढे करूनही एकट्या कारागिराच्या हाती फार मोठा नफा राहतो, असे नाही.

*ढोबळ किमती (अमेरिकी बाजार, नवे वाद्य)*
- नवशिक्यांसाठीच्या आशियाई बनावटीच्या गिटार : २०० ते ५०० डॉलर
- पीआरएसची इंडोनेशियन 'एसई' मालिका, फेंडरच्या मेक्सिकोतील गिटार : साधारण ५०० ते १,००० डॉलर
- मोठ्या कंपन्यांची अमेरिकी बनावट : साधारण १,५०० ते ३,००० डॉलर
- सूर, अँडरसन आदींची वाद्ये : साधारण ३,००० ते ५,००० डॉलर
- पीआरएस 'प्रायव्हेट स्टॉक'सारखी खास मागणीची वाद्ये : १०,००० डॉलरच्या पुढे

कान काय सांगतो?

वादाचा खरा मुद्दा आवाजाचा आहे. इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेले तारेचे वेटोळे. पोलादी तार कंप पावली, की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेटोळ्यात सूक्ष्म वीजप्रवाह निर्माण होतो. पिकअप लाकडाचा आवाज 'ऐकत' नाही, तर तारेची हालचाल टिपतो. लाकडाचा परिणाम होतो तो अप्रत्यक्ष, म्हणजे तारेची ऊर्जा किती लवकर शोषली जाते यापुरता. तो किती जाणवतो, यावर कारागिरांत आणि अभ्यासकांत आजही एकमत नाही. मात्र पिकअपचा प्रकार, त्याचे तारेपासूनचे अंतर, अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर आणि वादकाचा हात यांचा परिणाम ठळक असतो, याबद्दल फारसे दुमत नाही.

महाग वाद्याबाबत डोळे कानाला कसे चकवतात, याचा पुरावा व्हायोलिनच्या जगातून मिळतो. क्लॉडिया फ्रिट्झ, जोसेफ कर्टिन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दहा नामांकित एकल वादकांना सहा जुनी इटालियन व सहा नवी व्हायोलिन ओळख लपवून वाजवण्यास दिली होती. एकूण पसंतीचा कल नव्या वाद्यांकडे होता आणि जुने कोणते, नवे कोणते हे वादकांना खात्रीने ओळखता आले नाही. हा निष्कर्ष गिटारला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण किंमत व नाव कळल्यावर आवाज अधिक गोड वाटू शकतो, याची जाणीव ठेवण्यास तो पुरेसा आहे.

इतिहासही हेच सुचवतो. ब्रायन मे यांनी 'क्वीन'मध्ये आयुष्यभर वाजवलेली 'रेड स्पेशल' त्यांनी १९६०च्या दशकात वडिलांच्या मदतीने घरीच घडवली. तिच्या गळ्यासाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड वापरले होते. एरिक क्लॅप्टन यांची 'ब्लॅकी' जुन्या स्ट्रॅटोकास्टरचे भाग जोडून तयार झाली आणि २००४ मध्ये ९,५९,५०० डॉलरना विकली गेली. डेव्हिड गिल्मर यांनी १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या दुकानातून घेतलेली काळी स्ट्रॅटोकास्टर २०१९ मध्ये ३९ लाख ७५ हजार डॉलरना गेली. ती कारखान्यातूनच आली होती. वाद्याला हे मोल वादकाने मिळवून दिले.

लाकडाचा प्रश्न

या किमतीत एक भाग पर्यावरणाचाही आहे. ब्राझिलियन शिसवीचा व्यापार १९९२ पासून साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक, परिशिष्टात आहे. तिची जागा मोठ्या प्रमाणावर घेतली ती दक्षिण भारतातील शिसवीने. जगातील असंख्य गिटारच्या फ्रेटबोर्डवर भारतीय लाकूड आहे, हे अनेक भारतीय वादकांच्या गावीही नसते. जानेवारी २०१७ पासून शिसवीच्या सर्वच जाती निर्बंधांखाली आल्या आणि गिटार घेऊन सीमा ओलांडणे कटकटीचे झाले. नोव्हेंबर २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली. ब्राझिलियन शिसवीला मात्र ती नाही. त्यामुळे परदेशातून जुनी, महागडी गिटार मागवणाऱ्याने तिच्यातील लाकूड कोणते आणि त्याची कागदपत्रे आहेत का, हे आधी विचारलेले बरे.

पुनर्विक्रीचे गणित

'गिटार ही गुंतवणूक आहे' हे वाक्य विक्रेत्यांच्या तोंडी वारंवार येते. ते १९५८ ते १९६० मधील गिब्सन लेस पॉल स्टँडर्डसारख्या मोजक्या वाद्यांबाबत खरे ठरले. तेव्हा तीनशे डॉलरहून कमी किमतीला मिळणारी ही गिटार आज लाखो डॉलरना जाते. नव्या बुटिक गिटारची कथा वेगळी आहे. दुकानाबाहेर पडताच तिची किंमत उतरते आणि नाव अल्पपरिचित असेल, तर गिऱ्हाईक मिळणेही अवघड होते. स्वतःच्या आवडीने निवडलेला विचित्र रंग किंवा फारच जाड गळा दुसऱ्याला नको असतो. या बाबतीत फेंडर व गिब्सन यांचे नाव अधिक चलनी आहे.

याची दुसरी बाजू अशी, की हीच उतरलेली किंमत जाणत्या ग्राहकाच्या पथ्यावर पडते. सुस्थितीतील जुनी बुटिक गिटार घेणारा पहिल्या मालकाच्या हौसेचा फायदा उठवतो.

एकट्या कारागिराकडे मागणी नोंदवताना जोखीम आणखी असते. आगाऊ रक्कम देऊन काही महिने, कधी वर्षाहून अधिक काळ थांबावे लागते. कारागीर आजारी पडला किंवा व्यवसाय बंद झाला, तर पैसे अडकतात. त्यामुळे हप्त्यांचे टप्पे, मुदत आणि परताव्याची अट लेखी घेणे शहाणपणाचे.

मुंबई-पुण्यातील वादकासाठी

चार हजार डॉलरची गिटार भारतात मागवली, की विनिमय दर, वाहतूक, विमा, आयात शुल्क आणि वस्तू व सेवा कर धरून खर्च चार लाख रुपयांच्या पुढे जातो. बिघाड झाल्यास वॉरंटीसाठी ती परत धाडण्याचा खर्च निराळा. शिवाय कोकणपट्टीतील दमट हवेत गळा वाकतो, पावसाळ्यात तारांची उंची बदलते आणि फ्रेटवर मळकट थर चढतो. हे कितीही महाग वाद्याला चुकत नाही. स्टेनलेस स्टीलचे फ्रेट आणि भट्टीत भाजलेल्या मेपलचा गळा येथे खरोखर उपयोगी पडतात. आता ही वैशिष्ट्ये मध्यम किमतीच्या गिटारमध्येही मिळू लागली आहेत.

संगणक-नियंत्रित यंत्रांमुळे इंडोनेशिया, कोरिया व चीनमधील कारखान्यांचा दर्जा गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बराच सुधारला आहे. म्हणूनच सत्तर-ऐंशी हजारांची गिटार घेऊन तिचे फ्रेट समतल करून घेणे, नट व्यवस्थित कापून घेणे आणि गरज पडल्यास पिकअप बदलणे, हा मार्ग बहुसंख्य वादकांना पुरतो. उरलेल्या पैशात चांगला अ‍ॅम्प्लिफायर आणि काही वर्षांची शिकवणी बसते.

निर्णयापूर्वी

- आजच्या गिटारमध्ये नेमके काय अडते, हे एका वाक्यात सांगता येते का? येत नसेल, तर नवी गिटार ती अडचण सोडवणार नाही.
- तीच अडचण कुशल दुरुस्ती कारागीर काही हजार रुपयांत दूर करू शकतो का?
- त्या बनावटीची एखादी तरी गिटार प्रत्यक्ष वाजवून पाहिली आहे का?
- पाच वर्षांनी अर्ध्या किमतीला विकावी लागली, तर चालेल का?

रोज चार-सहा तास वाजवणाऱ्या, गळ्याचा कोणता आकार आपल्या हाताला मानवतो हे अनुभवाने जाणणाऱ्या व्यावसायिकाला बुटिक गिटारचे पैसे वसूल होऊ शकतात. सुंदर वस्तू जवळ असण्याचा आनंद हवा असेल आणि ऐपत असेल, तर त्यातही गैर काही नाही. कारागिराच्या हाताला काम मिळते, हेही कमी नव्हे. मात्र कर्ज काढून, सूर सुधारेल या आशेने ती घेणाऱ्याच्या पदरी निराशा येण्याचीच शक्यता अधिक. बुटिक गिटार हाताचा अडथळा दूर करते. हाताला वळण लावण्याचे काम मात्र रियाजावाचून होत नाही.