टॅरोचे पत्ते : कोणी केले, केव्हा केले?

पत्त्यांचे नाव निघताच आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते, आणि ती रास्तच आहे. जुगारापायी बसलेली घरे आपण सर्वांनीच पाहिली आहेत. त्यातून टॅरो म्हणजे भविष्य सांगण्याचे पत्ते! स्मरणिकेत अशा विषयाला जागा कशाला, असे एखादे पालक विचारतील. परंतु येथे खेळ शिकवायचा नाही, की कुणाचे नशीब पाहायचे नाही. जुन्या वस्तूचे वय व तिचा कर्ता कसा शोधतात, आणि त्यात भलेभले कसे फसतात, हे विद्यार्थ्यांना सांगण्यास याहून चांगले उदाहरण मला आढळले नाही.

टॅरोच्या पूर्ण जोडात ७८ पत्ते असतात. त्यांपैकी ५६ पत्ते चार रंगांचे : पेले, तलवारी, नाणी आणि दंड. उरलेले २२ चित्रांचे. त्यांत सूर्य, चंद्र, मृत्यू, दैवाचे चाक अशी चित्रे असतात व खेळात बहुतेक सर्व हुकमाच्या कामी येतात. होय, खेळातच. मुळात हा खेळ होता. भविष्याशी त्याचा व्यापक संबंध जोडला गेला तो अठराव्या शतकात.

१७८१ साली पॅरिसमध्ये कूर द जेबेलाँ नावाच्या विद्वानाने लिहिले की, हे पत्ते म्हणजे प्राचीन इजिप्तमधील पुरोहितांचा गुप्त ग्रंथ होय. 'टॅरो' हा शब्दही त्याने इजिप्तच्या भाषेतला ठरवून त्याचा अर्थ 'राजमार्ग' असा लावला. गंमत अशी की, त्या वेळी इजिप्तची चित्रलिपी कोणालाच वाचता येत नव्हती. शांपोल्यों याने ती उलगडली १८२२ साली, आणि जेबेलाँच्या अर्थाला तीत काही आधार निघाला नाही. पण तोवर 'इजिप्शियन' पत्ते बाजारात येऊन विकलेही गेले होते. आजही कोणी कोणी हीच कथा सांगतो.

दुसरी चूक अधिक शिकण्यासारखी आहे, कारण ती कागदपत्रे पाहणाऱ्या माणसाची आहे. फ्रान्सचा राजा सहावा शार्ल याच्या खजिनदाराच्या हिशेबात १३९२ सालची एक नोंद आहे : ग्रँगोनर नावाच्या चित्रकारास सोनेरी व रंगीत पत्त्यांच्या तीन जोडांबद्दल पैसे दिले. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात हाताने रंगविलेले १७ जुने पत्ते आहेत. नोंद खरी, पत्तेही खरे. म्हणून लोकांनी दोहोंची गाठ मारून टाकली. त्या पत्त्यांना अजून 'शार्लचे टॅरो' म्हणतात. वस्तुतः ते इटलीतले, बहुधा फ्लॉरेन्सचे, पंधराव्या शतकाच्या मध्यावरचे आहेत. १३९२ च्या नोंदीत हुकमाच्या चित्रांचा उल्लेखही नाही. असे पत्ते कागदोपत्री प्रथम भेटतात ते १४४० साली, फ्लॉरेन्समधील एका रोजनिशीत.

मग वय ठरवायचे कसे? पत्त्यालाच विचारायचे. मिलानच्या विस्कोंती व स्फोर्झा या राजघराण्यांसाठी केलेले काही जोड शिल्लक आहेत. त्यांपैकी एक अमेरिकेत येल विद्यापीठात आहे. त्यातील नाण्यांच्या पत्त्यांवर फिलिप्पो मारिया विस्कोंती याच्या सोन्याच्या नाण्याचा ठसा आहे. हा ड्यूक १४१२ ते १४४७ राज्यावर होता. म्हणजे पत्ते १४१२ पूर्वीचे असूच शकत नाहीत. सर्वांत पूर्ण जोडाचे ७४ पत्ते न्यूयॉर्क व बेर्गामो येथे वाटले गेले आहेत. त्यावर विस्कोंतींचा सर्प आहे, तशाच स्फोर्झांच्या एकमेकींत गुंतलेल्या तीन अंगठ्याही आहेत. यावरून तो १४५० च्या आसपासचा धरतात. पत्त्यावर सही नाही. पूर्वी चिकोन्यारा या चित्रकाराचे नाव घेतले जाई. पुढे चेहरे व वस्त्रे इतर चित्रांशी ताडून क्रेमोनाचा बोनिफाचियो बेम्बो याचे नाव पुढे आले. त्यातही सहा पत्त्यांचा हात निराळा व नंतरचा आहे.

छापील पत्त्यांचे गणित वेगळे. मार्सेय पद्धतीच्या जोडात दोन नाण्यांच्या पत्त्यावरील पट्टीवर कारखानदार आपले नाव घाली. पण लाकडी ठसा एकदा कोरला की तो वर्षानुवर्षे चाले, मुलगा किंवा जावई तोच वापरी. म्हणून पट्टीवर १७६० असे असले तरी हातातला कागद त्याच साली छापला, असे होत नाही. कराचा शिक्का, कागदातील जलचिन्ह, राज्यक्रांतीत १७९३ च्या सुमारास खरवडून काढलेले राजाचे मुकुट, हे सारे त्यासाठी पाहावे लागते.

आता पुन्हा इजिप्त. १९३१ साली एल. ए. मेयर या संशोधकाला इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात हाताने रंगविलेले अरबी पत्ते आढळले. १९३९ साली त्याने ते प्रसिद्ध केले. मूळ ५२ पैकी ४७ उरले होते. हे मम्लूक सुलतानांच्या राज्यातले, म्हणजे इजिप्त व शामकडचे. त्यांचे चार रंग पाहा : पेले, तलवारी, दिरहम आणि चौगान खेळण्याच्या काठ्या. युरोपात चौगान माहीत नव्हता, म्हणून काठीचा दंड झाला. मानाच्या पत्त्यांवर माणसांची चित्रे नाहीत. सुंदर अक्षरांत लिहिले आहे : मलिक, नाइब, दुसरा नाइब. फ्लॉरेन्सने १३७७ साली ज्या नव्या खेळावर बंदी घातली त्याचे नाव 'नाइब्बे' होते, आणि स्पॅनिशमध्ये पत्त्यांना आजही 'नाइपेस' म्हणतात.

येथे आपल्यालाही मोह आवरला पाहिजे. इस्तंबूलचे पत्ते पंधराव्या शतकातले किंवा त्याच्या किंचित नंतरचे, म्हणजे फ्लॉरेन्सच्या बंदीहून अलीकडचे आहेत. ते युरोपच्या पत्त्यांचे जनक नव्हेत, जनकाच्या घरातले धाकटे होत. आणि टॅरोला टॅरो करणारी २२ चित्रे इटलीचीच. चार रंग व नाइबाचे नाव एवढेच मम्लूकांकडून गेले. जेबेलाँला इजिप्त हवा होता आणि तो होताही. मात्र फिरऔनांचा नव्हे.

तोपकापीच्या त्या जोडात तलवारीच्या मलिकवर वरच्या कोपऱ्यात एक शब्द लिहिलेला आहे : 'कंजिफा'. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनला जो खेळ भेट पाठविला तो गंजिफाच, आणि सावंतवाडीचे चितारी जे गोल, लाखेचे पत्ते रंगवीत आले त्यांनाही आपण गंजिफाच म्हणतो.