राजवाडे आणि वसाहतीचा इतिहास

पेण तालुक्यांतील वरसई हें इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचें जन्मग्राम. शेजारच्या रोहें तालुक्यांत वरसे नांवाचें गांव आहे. हीं दोन नांवें जवळ ठेवलीं, म्हणजे एका गांवच्या लोकांनीं निघून दुसरें वसविलें असावें, असें सहज वाटतें. परंतु असें वाटणें व तें सिद्ध होणें यांत अंतर आहे. आणि राजवाड्यांच्या वसाहतविषयक अभ्यासाचें बळ व मर्यादा हीं दोन्ही त्या अंतरांतच आम्हांस दिसतात.

१८६३ सालीं जन्मलेल्या राजवाड्यांनीं १८९८ मध्यें ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड काढला. पुढें खंडांची संख्या २२ झाली. १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ निघालें, तेंही त्यांच्याच पुढाकारानें. हें कार्य सुशिक्षितांस परिचित आहे. परंतु गांवोगांव दप्तरें धुंडाळणाऱ्या या पुरुषाची दृष्टि राजे व लढाया यांच्यापलीकडे गेली होती. या भूमीवर माणसें कोठून व कोणत्या क्रमानें आलीं, आणि येथें आधीं कोण होतें, हे प्रश्न त्यांनीं ‘महाराष्ट्राचा वसाहतकाल’ या निबंधांत व १९२४ सालच्या ‘महिकावतीच्या बखरी’च्या प्रस्तावनेंत हाताळले. बिंब राजानें उत्तर कोंकणांत कुळें आणून वसविल्याची हकीकत सांगणारी ही बखर त्यांनीं वसाहतीचा दाखला म्हणून वाचली. जेथें कागद नाहीं, तेथें गांवांचीं व कुळांचीं नांवें साक्षीस बोलाविलीं.

ही साक्ष किती बोलकी असते, तें आमच्या रायगड (पूर्वींच्या कुलाबा) जिल्ह्यांतील बेने इस्राएल समाजावरून कळतें. तेल गाळणारे व शनिवार पाळणारे हे लोक ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले जात. रोहेकर, पेणकर, अष्टमकर हीं त्यांचीं आडनांवें. १९४८ नंतर त्यांपैकीं बहुतेक इस्राएलांत गेले. गांव सुटलें, नांव सुटलें नाहीं.

तथापि नांव वाट दाखवितें, मुक्काम ठरवीत नाहीं. राजवाडे व्युत्पत्तीच्या एका धाग्यावरून कधीं कधीं फार लांबची उडी घेत. शिवाय उत्तरेकडून आलेल्या आर्यांनीं संस्कृति आणली व पूर्वींचे रहिवासी तिच्या छायेखालीं आले, असा त्यांच्या मांडणीचा कल होता. आलेल्यांनीं बखरी लिहिल्या, सनदा जपल्या. पेण-रोह्याच्या डोंगरांतील कातकरी व ठाकूर यांच्यापाशीं दप्तर नव्हतें. दप्तर नाहीं म्हणून इतिहासच नाहीं, असें कसें म्हणावें? ऑस्ट्रेलियांतील गोऱ्या वसाहतवाल्यांनीं ती भूमि पूर्वीं कोणाचीच नव्हती, असें गृहीत धरलें होतें. तेथील सर्वांत वरिष्ठ न्यायालयानें १९९२ सालीं तें फेटाळलें.

राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यास वारले. त्यांचे कित्येक सिद्धान्त आज सोडून द्यावे लागतात. त्यांनीं विचारलेला प्रश्न मात्र सोडून चालणार नाहीं. वरसई व वरसे यांचें नातें जोडण्यापूर्वीं आम्ही दोन्हीकडच्या वृद्धांस, आणि आसपासच्या कातकरवाड्यांसही, शेतांचीं, ओढ्यांचीं व टेकड्यांचीं नांवें विचारून लिहून घ्यावीं, हें बरें.