ट्रम्पिंग्टन स्ट्रीटवरून आलेला पडदा

ब्राउझरमध्ये पत्ता टाकायचा आणि दूरच्या सर्व्हरचा पडदा समोर आणायचा, हे माझ्या धंद्यात इतकं रोजचं झालं आहे की नव्या मुलांना यामागे काही इतिहास असेल असं वाटतच नाही. इतिहास आहे, आणि त्याला नेमका पत्ताही आहे: २४ए, ट्रम्पिंग्टन स्ट्रीट, केंब्रिज. भोसरी-चाकणच्या छोट्या कारखान्यांचे सर्व्हर सांभाळून माझं घर चालतं. या पत्त्यावर काम केलेल्या माणसांचं ऋण मी मानतो, म्हणून हे लिहितो आहे.

टाइपरायटरसाठी प्रसिद्ध असलेल्या इटलीच्या ऑलिव्हेट्टी कंपनीची तिथे संशोधनशाळा होती. १९८६मध्ये अँडी हॉपर आणि हर्मन हाउझर यांनी ती उभी केली. त्या इमारतीत माणसं गळ्यात किंवा खिशाला एक छोटा बिल्ला लावून फिरत. तो दर १५ सेकंदांनी अवरक्त किरणांतून आपली ओळख सांगे, त्यामुळे कोण कुठल्या खोलीत आहे हे यंत्राला कळे. त्यावरूनच पुढची कल्पना निघाली. माणूस कुठे आहे हे कळतं, तर त्याचं काम त्याच्या मागे का जाऊ नये? १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी 'टेलिपोर्टिंग' करून दाखवलं. तुम्ही दुसऱ्या खोलीत जा, तिथल्या संगणकाजवळ उभे राहा, तुमच्या उघड्या खिडक्या तिथल्या पडद्यावर हजर.

पण टेलिपोर्टिंग युनिक्सच्या एक्स विंडो पद्धतीला बांधलेलं होतं. खरी उडी त्यांनी 'व्हिडिओटाइल' नावाच्या प्रयोगात घेतली. सपाट पडदा, एक पेन आणि वेगवान नेटवर्कची जोडणी, एवढंच ते उपकरण. खिडकी म्हणजे काय, मेनू म्हणजे काय, हे त्या पडद्याला काहीच ठाऊक नव्हतं. आलेले ठिपके दाखवायचे, इतकंच त्याचं काम. मग प्रश्न आला की असा अजाण पडदा नुसत्या सॉफ्टवेअरमध्ये करता येईल का. त्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे व्हीएनसी. ट्रिस्टन रिचर्डसन, क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर, केनेथ वुड आणि हॉपर यांनी १९९८च्या सुरुवातीला त्यावर लेख प्रसिद्ध केला. (यातले स्टॅफर्ड-फ्रेझर म्हणजे केंब्रिज विद्यापीठातल्या कॉफीच्या भांड्यावर १९९१मध्ये कॅमेरा रोखणाऱ्यांपैकी एक. दुरून पाहण्याचा ध्यास जुनाच होता.)

व्हीएनसीचा प्रोटोकॉल मी पहिल्यांदा नीट वाचला तेव्हा त्याच्या साधेपणाने भारावून गेलो, आणि तो आदर अजून कमी झालेला नाही. सर्व्हर सांगतो: पडद्यावर अमुक जागी, अमुक रुंदी-उंचीचा चौकोन काढ, त्यातले ठिपके हे घे. बघणारा सांगतो: ही कळ दाबली, माउस इथे आहे. मुख्य व्यवहार एवढाच. त्यात दोन गोष्टी फार विचारपूर्वक घातलेल्या आहेत. एक, सर्व्हर आपणहून ठिपके ओतत नाही. बघणाऱ्याने मागितले की देतो. लाइन मंद असेल तर मागणी सावकाश येते, मधली चित्रं गळून जातात, आणि पडदा तुंबत नाही. दुसरी, खिडकी सरकवली किंवा पान वर ढकललं तर ते ठिपके बघणाऱ्याकडे आधीच असतात, म्हणून सर्व्हर फक्त 'तिथून उचल, इथे ठेव' एवढंच सांगतो. डायल-अपच्या दिवसांत या एका युक्तीने किती वेळ वाचला असेल याची कल्पना मॉडेमचा आवाज ऐकलेल्यांनाच येईल.

शिवाय बघणाऱ्याकडे काही साठत नाही. जोडणी तुटली, तुम्ही दुसऱ्या गावी जाऊन पुन्हा जोडली, तर अर्धवट टाइप केलेलं वाक्य तसंच, कर्सरही तिथेच. विंडोजवरचा बघण्याचा प्रोग्रॅम इतका लहान होता की फ्लॉपीवरून चाले.

ब्राउझर या गोष्टीत अगदी सुरुवातीपासून आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. नेटस्केपमध्ये जावा नुकतं आलं होतं. केंब्रिजच्या मंडळींनी व्हीएनसीच्या सर्व्हरमध्येच एक छोटा वेब सर्व्हर बसवला. ५९०० हे पोर्ट मूळ प्रोटोकॉलचं आणि ५८०० ब्राउझरचं. ब्राउझरमध्ये यंत्राचा पत्ता आणि ५८०० लिहिलं की पान उघडे, पानातून ॲपलेट, म्हणजे जावाचा छोटा प्रोग्रॅम, उतरे आणि ते ५९००शी बोलू लागे. वेब सर्व्हर त्याच यंत्रावर ठेवण्याला कारण होतं: ॲपलेट जिथून उतरलं त्याच यंत्राशी त्याला बोलण्याची मुभा होती, दुसरीकडे नाही.

सुरक्षितता मात्र तुटपुंजी होती, हे मोकळेपणाने सांगायला हवं. पासवर्डची पहिली ८ अक्षरंच धरली जात आणि पुढचा सगळा मजकूर उघडा जाई. जाणती माणसं सगळं एसएसएचच्या सांकेतिक, बंदिस्त बोगद्यातून नेत. मी आजही कुठल्याच कारखान्यात ५९०० बाहेर उघडं ठेवू देत नाही.

ऑलिव्हेट्टीनंतर ओरॅकलची भागीदारी आली आणि १९९९मध्ये ती शाळा एटी अँड टीकडे गेली. एप्रिल २००२मध्ये ती बंद झाली. एवढी मोठी प्रयोगशाळा मिटली की तिथलं काम सहसा कपाटात जातं. इथे तसं झालं नाही, कारण व्हीएनसीचा मूळ कोड जीपीएल या मुक्त परवान्याखाली आधीच जगाला देऊन टाकलेला होता. तिथल्याच काहींनी त्याच वर्षी रिअलव्हीएनसी ही कंपनी काढली. टाइटव्हीएनसीसारख्या फांद्या बाहेरच्या लोकांनी वाढवल्या. त्यांच्या फाइलींच्या माथ्यावर केंब्रिजच्या प्रयोगशाळेचं नाव अजून वाचायला मिळतं.

त्या प्रोटोकॉलचा सर्वांत महत्त्वाचा वापर माझ्या मते क्यूएमूमध्ये झाला. एका यंत्राच्या पोटात दुसरं आभासी यंत्र चालवणारा हा प्रोग्रॅम. त्याच्यात व्हीएनसीचा सर्व्हर आतच घातला गेला. याचा अर्थ बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. फायरवॉलचा एखादा नियम चुकला की सर्व्हरचं नेटवर्क बंद पडतं आणि एसएसएच जात नाही. पूर्वी अशा वेळी स्कूटर काढून भोसरीला जायचं, मॉनिटर आणि कीबोर्ड लावायचा, हाच मार्ग होता. आभासी यंत्राचा पडदा मात्र त्या यंत्राच्या नेटवर्कवर अवलंबून नसतो. खालचं यजमान यंत्र तो देतं. ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होण्याआधीचा काळा पडदासुद्धा घरून दिसतो.

दरम्यान ब्राउझर बदलले. जावा चालवणारी प्लगइन बंद झाली: २०१५मध्ये क्रोममधून, २०१७मध्ये फायरफॉक्समधून. ॲपलेट संपलं, पण त्याची जागा घेणारं आधीच तयार होतं. ॲपलने २००४मध्ये कॅनव्हास आणला होता, म्हणजे पानावर ठिपके रंगवायची सोय. मग वेबसॉकेट आलं, म्हणजे सर्व्हरशी सतत उघडी राहणारी वाट. २०१०मध्ये जोएल मार्टिन यांनी या दोहोंवर नोव्हीएनसी लिहिलं. सुरुवातीच्या वेबसॉकेटमधून फक्त अक्षरं जात, म्हणून ठिपक्यांचं अक्षरांत रूपांतर करून पाठवावं लागे. पुढे ती अडचण गेली. आज आभासी यंत्रं सांभाळणाऱ्या प्रॉक्समॉक्स आणि ओपनस्टॅकमध्ये 'कन्सोल'वर टिचकी मारली की हेच उघडतं. त्याच सुमारास मायकेल जंपर यांचं ग्वाकामोली आलं. ते व्हीएनसी, विंडोजचं आरडीपी आणि एसएसएच हे सगळं सर्व्हरपाशीच आपल्या एका भाषेत बदलून ब्राउझरला देतं.

मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा ग्वाकामोलीनेच माझ्या कारखान्यांना तारलं. हिशेब टॅलीत, टॅली ऑफिसच्या विंडोजवर, आणि हिशेबनीस निगडी, तळेगाव, राजगुरुनगरला आपापल्या घरी. कुणाकडे मुलाचा लॅपटॉप, कुणाकडे जुना डेस्कटॉप. फोनवरून प्रत्येकाला सॉफ्टवेअर बसवायला सांगत बसलो असतो तर पगाराची तारीख उलटली असती. ब्राउझर मात्र सगळ्यांकडे होता. "काही बसवायचं नाही काका, फक्त हा पत्ता उघडा," एवढंच सांगावं लागलं, आणि कामगारांचे पगार वेळेवर झाले.

व्हीएनसीचा प्रोटोकॉल २०११मध्ये आरएफसी ६१४३ या दस्तऐवजात नोंदला गेला. माझ्याकडे नवा मुलगा किंवा मुलगी आली की मी तो दस्तऐवज हातात देतो आणि एक छोटा व्ह्यूअर लिहायला सांगतो. आधी साधे चौकोन रंगवायचे, मग 'उचल-ठेव' घालायचं आणि दोन्ही वेळा एकच लांब फाइल वर-खाली सरकवून बघायची. पहिल्या खेपेला पडदा पट्ट्यापट्ट्यांनी भरतो. दुसऱ्या खेपेला झरझर सरकतो, आणि मग ती मुलं आपणहून बाकीची पानं वाचायला घेतात.