जास्त कापलं की जास्त बरं?

"सगळं काढलं ना डॉक्टर?" कॅन्सरच्या ऑपरेशननंतर घरचे लोक हा प्रश्न विचारतातच. स्वादुपिंडाच्या, म्हणजे पॅन्क्रियाच्या कॅन्सरमध्ये 'सगळं' म्हणजे नेमकं किती, हे ठरवायला सर्जनांनाच जवळपास चाळीस वर्षं लागली.

न्यूयॉर्कच्या ॲलन व्हिपल यांनी 1935 मध्ये तीन रुग्णांवरची एक शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. आज तिला त्यांच्याच नावाने ओळखतात. तिच्यात स्वादुपिंडाचं डोकं, त्याला चिकटलेला लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग आणि पित्तनलिकेचा तुकडा काढतात. पण कॅन्सर बऱ्याचदा परत यायचा. त्याच्या पेशी आजूबाजूच्या लसिका ग्रंथींमध्ये (आपण लिम्फ नोड म्हणतो त्या) पोचलेल्या असायच्या. मग पुढचा विचार सरळ होता: ग्रंथीही काढा, आणि लांबपर्यंतच्या काढा.

1973 मध्ये न्यूयॉर्कच्याच जोसेफ फोर्टनर यांनी ग्रंथींसोबत मोठ्या रक्तवाहिन्यांचे भागही काढणारी शस्त्रक्रिया मांडली. 1980 नंतर जपानी सर्जनांनी ग्रंथी काढण्याची व्याप्ती खूप वाढवली आणि रुग्ण जास्त जगतात असे अहवाल दिले. पण गोम अशी, की तुलना पूर्वीच्या वर्षांतल्या रुग्णांशी होती. मधल्या काळात भूल, अतिदक्षता, रुग्णांची निवड, सगळंच बदललं होतं.

खरं काय ते कळायला एकच मार्ग होता: कुणावर कोणती शस्त्रक्रिया करायची, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवायचं. इटलीतल्या सर्जनांनी 81 रुग्णांवर असा प्रयोग केला. 1998 मध्ये निकाल आला: एकूण आयुष्यात फरक नाही. 2002 मध्ये जॉन्स हॉपकिन्सने 294 रुग्णांचा निकाल दिला. आयुष्य तेवढंच, गुंतागुंत मात्र 29 टक्क्यांवरून 43 टक्क्यांवर. मग खुद्द जपानमध्ये चाचणी झाली. सरासरी 13 ऐवजी 40 ग्रंथी काढल्या, तरी 2012 मध्ये छापलेल्या निकालात फायदा दिसला नाही.

असं का? एक म्हणजे, लांबच्या ग्रंथींपर्यंत कॅन्सर पोचला असेल, तर बहुतेकदा तो रक्तातून यकृतापर्यंतही गेलेला असतो. तिथे सुरी पुरत नाही. दुसरं, आतड्याच्या मुख्य धमनीभोवती मज्जातंतूंचं जाळं असतं. ते खरवडून काढलं की जुलाब थांबत नाहीत. माणूस खंगतो आणि त्याला केमो झेपत नाही.

2014 मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने कोणत्या ग्रंथी काढायच्या याची ठरावीक यादी केली. त्या गटात मुंबईच्या टाटा मेमोरियलचे डॉ. शैलेश श्रीखंडेही होते. लांबवर जाऊन काढायची शिफारस त्यांनी केली नाही. मोठी झेप आली ती औषधांमुळे: 2018 च्या एका चाचणीत, ऑपरेशननंतर चार औषधांची केमो घेतलेल्यांचं मध्यक आयुष्य 54 महिने होतं, आणि जुनं एकच औषध घेतलेल्यांचं 35.

त्यामुळे तुमच्या ओळखीत कुणाला हा आजार झाला, तर किती काढलं यासोबत केमो कधी सुरू होणार, तोवर अंगात ताकद कशी टिकवायची, हेही विचारा. हे प्रश्न आज आपल्याला सुचतात, कारण काहीशे रुग्णांनी, जगायला थोडाच काळ उरलेला असू शकतो हे माहीत असूनही, आपली शस्त्रक्रिया चिठ्ठीवर सोडली.