जू, साखळी आणि तीन सांधे

श्रोतेहो, इतिहास म्हटला की लढाया आणि तह आठवतात. नांगर ओढणाऱ्याला तो कसा जोडावा, हा प्रश्न कोणी इतिहासात धरीत नाही. पण या जोडणीपायी माणसे मेली आहेत. म्हणून आज आम्ही तिचीच हकीकत सांगणार आहोत.

बैलाला जू आणि नाडा पुरतो. फाळ दगडाला अडला की बैल थांबतो. त्याला समज आहे. ट्रॅक्टरला ती नाही. आरंभीच्या ट्रॅक्टरांमागे नांगर साखळीने किंवा दांड्याने ओढीत. तो अडला आणि मागची चाके फिरेनाशी झाली, तरी इंजिनाचा जोर चालूच राही. मग ट्रॅक्टरच आसाभोवती फिरे, पुढची चाके आभाळाकडे जात आणि चालक खाली चिरडला जाई.

आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसन यांनी १९१७ पासून या दुखण्याचा पिच्छा पुरविला. खाली दोन आणि वर एक अशा तीन दांड्यांनी त्यांनी नांगराला ट्रॅक्टरचा अवयवच करून टाकले. खालचे दोन ओढतात. नांगर पुढे कलंडू लागला की वरचा दांडा ट्रॅक्टरला पुढे रेटतो आणि पुढची चाके जमिनीला धरून राहतात. १९३८ साली हेन्री फोर्ड यांच्याशी नुसत्या हस्तांदोलनावर करार झाला, १९३९ साली तो ट्रॅक्टर बाजारात आला. पुढे करार मोडला, खटला उभा राहिला आणि १९५२ साली ९२ लाख ५० हजार डॉलरांवर मिटला.

पण आमचे लक्ष कोर्टाकडे नाही, लोहाराच्या भात्याकडे आहे. नवी अवजारे तीन सांध्यांची निघाली, आणि शेतकऱ्याच्या दारात ट्रॅक्टर मात्र जुना. दुसरा घ्यायला पैसा कुठला? १९५३ साली इंटरनॅशनल हार्वेस्टरने आपली निराळीच दोन खोबणींची जोडणी काढली, त्यामुळे घोळ वाढला. अमेरिकेतील शेतकऱ्यांनी मग घरीच लोखंड कापून, सांधून दांडे बसविले. १९५९ साली तेथील कृषि-अभियंत्यांच्या संस्थेने तीन सांध्यांची मापे ठरवून दिली. पण जुने ट्रॅक्टर काही शेतातून नाहीसे झाले नाहीत.

या घरगुती कारागिरीला आम्ही हसणार नाही. ती गरजेची लेक आहे. मात्र तिच्यात एक धोका आहे. तीन दांडे डोळ्यांना दिसतात, त्यांच्यामागचा हिशेब दिसत नाही. ओढीची जागा आसाच्या वर गेली की पुढचे तोंड उचलू लागते. दांडे फर्ग्युसनचे आणि धोका साखळीचा, अशी गत होते.

आपल्याकडेही गावोगावच्या वर्कशॉपात कुळव, पाभर ट्रॅक्टरला जोडून देतात. त्या कारागिराला आमचे एवढेच सांगणे: बाबा रे, वेल्डिंग करण्यापूर्वी आस कुठे आहे ते पाहा. वर बसणारा कोणाच्या तरी घरचा कर्ता आहे.