तेलतूप आणि स्नायूंचा जमाखर्च

कामगाराच्या अन्नाचा हिशेब आम्ही चळवळीतली माणसे उष्मांकांत मांडीत आलो. १९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचे निकष ठरविताना डॉ. ऐक्रॉइड यांनी सांगितलेले उष्मांकच प्रमाण धरले. पण पोटात गेलेला प्रत्येक उष्मांक स्नायूला सारखाच उपयोगी पडतो काय? या प्रश्नाला शंभर वर्षांचा इतिहास आहे.

१९२० साली कोपनहेगन येथे ऑगस्ट क्रोग आणि लिंडहार्ड यांनी माणसांना जागच्या जागी चालणाऱ्या सायकलीवर बसविले. स्निग्ध आहारावर असताना त्यांना तेच काम जड जाई. चरबीवर काम करताना तिच्या उष्णतेपैकी सुमारे ११ टक्के वाया जाते, असे मोजणीत निघाले. १९३९ साली क्रिस्टेन्सन आणि हॅन्सन या डेन्मार्कच्याच संशोधकांना दिसले की, पिष्टमय आहारावर साडेतीन-चार तास टिकणारा माणूस स्निग्ध आहारावर दीड तासात थकतो. अर्थात तो आहार बहुतांशी चरबीचाच होता. भाकरीवरच्या तेलाच्या धारेला कोणी भिण्याचे कारण नाही.

पुढे शास्त्रज्ञांची दृष्टी स्नायूच्या आत वळली. तेथे तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, नावाच्या सूक्ष्म भट्ट्या असतात. प्राणवायूच्या साहाय्याने इंधन जाळून त्या शक्ती पुरवितात. १९६७ साली अमेरिकेत जॉन हॉलोझी यांनी उंदरांना नियमाने पळविले, तेव्हा या भट्ट्यांची क्षमता जवळजवळ दुप्पट झाली.

मग २००५ साली लुइझियानातून बातमी आली: दहा निरोगी तरुणांना तीनच दिवस स्निग्ध आहार दिला, तो त्यांच्या स्नायूंत या भट्ट्या उभारणाऱ्या जनुकांचे काम मंदावले. तेलतुपाने भट्ट्या विझतात, असा निकाल येथेच लागला असता. परंतु २००८ साली हॉलोझी यांच्याच प्रयोगशाळेत उंदरांमध्ये उलटे आढळले. स्निग्ध आहाराने तंतुकणिका वाढल्या, आणि तरीही स्नायू इन्शुलिनला पुरेशी दाद देईनासे झाले.

तेव्हा भट्ट्या मोजून प्रश्न सुटला नाही, आणि नुसते उष्मांक मोजूनही सुटणार नाही. फाटकाबाहेरच्या तळलेल्या जिनसांवर पाळी काढणाऱ्याचे उष्मांक कागदावर पुरे भरतात. वाटाघाटीला बसताना आपण एवढे तरी विचारावे, की ते कोणत्या अन्नातून भरले. भाकरी, डाळ आणि भाजी यांची किंमत वेतनात धरली गेली आहे काय?